तेल जुने झाल्यावर काय उरते

मध्यंतरी एका मित्राने मला एक चित्रफीत पाठवली आणि खाली विचारले, ‘मग आता हेच तेल घ्यायचे ना?’ चित्रफितीत टेबलावरच्या एका छोट्या यंत्रात पोलादी कडे गरगर फिरत होते, त्यावर एक रोलर टेकवलेला होता आणि तरफेच्या टोकाला एकेक वजन वाढवले जात होते. एका कंपनीचे इंजिन ऑइल वापरल्यावर यंत्र दोन वजनांतच कर्कश आवाज करून थांबले. दुसऱ्या कंपनीच्या सिंथेटिक तेलाने मात्र सगळी वजने पेलली. प्रयोग पाहायला विलक्षण परिणामकारक आहे आणि इंजिन ऑइलबद्दल त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

हे यंत्र टिमकेन चाचणीची सुटसुटीत नक्कल आहे. मूळ चाचणी अतिदाबाखाली काम करणाऱ्या गिअर ऑइलसाठी आणि ग्रीससाठी आहे. इंजिनातील क्रँकशाफ्टची बेअरिंगे तेलाच्या अखंड पडद्यावर तरंगत फिरतात. तेथे धातूवर धातू घासणे हा अपवाद असतो, नियम नव्हे. शिवाय क्लोरीनयुक्त रसायने मिसळलेला द्रव या यंत्रावर उत्तम गुण मिळवतो, पण तीच रसायने तापलेल्या इंजिनात आम्ल तयार करून बेअरिंगे खाऊ शकतात. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की प्रयोग नव्या कोऱ्या तेलावर, थंड अवस्थेत आणि काही सेकंदच होतो. तेलाच्या टिकाऊपणाचा प्रश्न तर ते शेकडो तास तापल्यानंतर, त्यात इंधन, पाणी आणि काजळी मिसळल्यानंतर सुरू होतो.

येथे ‘सिंथेटिक’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण डब्यावरचा हा शब्द वाटतो तितका नेमका नाही. पूर्वी त्याचा अर्थ प्रामुख्याने पॉलिअल्फाओलेफिन, म्हणजे लहान रेणू जोडून घडवलेले मूळ तेल, असा घेतला जाई. खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळणाऱ्या तिसऱ्या गटातील तेलाला हे नाव लावता येईल का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला, आणि १९९९ मध्ये तेथील जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने ते लावता येईल असा कौल दिला. तेव्हापासून तो शब्द गुणवत्तेपेक्षा विक्रीच्या कामाचा अधिक झाला आहे. म्हणून तेलाचे कूळ विचारण्याऐवजी त्याने कोणत्या परीक्षा दिल्या हे विचारणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

पहिल्या परीक्षा प्रयोगशाळेच्या टेबलावर होतात. अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या एसएई जे३०० या मानकानुसार ५डब्ल्यू-३० हे नाव (पहिला आकडा थंडीतल्या, दुसरा उष्णतेतल्या दाटपणाचा) मिळवण्यासाठी तेलाचा दाटपणा उणे ३० अंश सेल्सिअसला ६,६०० सेंटीपॉइजच्या (दाटपणाचे एकक) वर जाता कामा नये, म्हणजे गारठलेले इंजिन स्टार्टरला फिरवता येते. आणि उणे ३५ अंशांना तो ६०,००० सेंटीपॉइजच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे पंपाला तेल ओढता येते. उलट बाजूला १५० अंश तापमानात, बेअरिंगमध्ये असते तशा प्रचंड वेगाने तेलाचे थर एकमेकांवर घसरवून दाटपणा मोजतात. तो ३० ग्रेडसाठी किमान २.९ सेंटीपॉइज असावा लागतो, तर काही युरोपीय वर्गांमध्ये ही अट ३.५ची आहे. बेअरिंग वाचवणारा पडदा किती जाड राहील हे सांगणारा याहून चांगला एकच आकडा मला ठाऊक नाही, आणि बहुतेक ग्राहक नेमका तोच वाचत नाहीत.

नोआक चाचणीत तेल तासभर २५० अंशांवर ठेवून किती उडून गेले ते वजनावरून ठरवतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) एसपी या दर्जावर्गात ही घट १५ टक्क्यांपर्यंत चालते, युरोपच्या अनेक वर्गांत १३ टक्क्यांपर्यंत. उडून जातात ते हलके रेणू, त्यामुळे उरलेले तेल अधिक दाट होते आणि वरचेवर भरावेही लागते. चांगल्या सिंथेटिक मूळ तेलाचा फायदा या चाचणीत सहज दिसतो, कारण त्याचे रेणू आकाराने बरेच एकसारखे असतात. याशिवाय डिझेल इंजेक्टरमधून तेल ३० वेळा दाबून काढण्याची एक चाचणी आहे. तिच्यात दाटपणा टिकवणाऱ्या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या किती तुटतात हे कळते.

तरीही काचेच्या भांड्यातली परीक्षा ही तालीमच. खरी कसोटी प्रत्यक्ष इंजिनात होते आणि ती महागडी, संथ व काहीशी निर्दय असते. अमेरिकेतील ‘सिक्वेन्स’ नावाच्या इंजिन चाचण्यांपैकी सिक्वेन्स थ्री-एच या चाचणीत क्रायस्लरचे ३.६ लिटरचे व्ही-६ इंजिन दर मिनिटाला ३,९०० फेऱ्यांनी चालवतात आणि तेलाचे तापमान १५१ अंशांवर धरून ते ९० तास चालू ठेवतात. या काळात हवेतील ऑक्सिजनमुळे तेल दाट होत जाते. एसपी वर्गाच्या अटीप्रमाणे ४० अंशांना मोजलेला त्याचा दाटपणा दुपटीपेक्षा जास्त वाढता कामा नये. मग इंजिन खोलून पिस्टनवर जमलेल्या थरांना प्रशिक्षित परीक्षक शून्य ते दहा या मापपट्टीवर गुण देतात.

सिक्वेन्स फाइव्ह-एच याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. तिच्यात फोर्डचे ४.६ लिटरचे इंजिन २१६ तास, पण बराच काळ कमी तापमानात चालवले जाते, कारण गाळ साचतो तो पाणी आणि कच्चे इंधन उडून जाण्याइतके तेल तापत नाही तेव्हा. ‘माझी गाडी फारशी चालत नाही, मग तेल कशाला बदलायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी ही चाचणी समजून घ्यावी. सरासरी गाळाचा किमान गुण ७.६ आहे, दहा म्हणजे लखलखीत.

झिजेसाठी टोयोटाचे दीड लिटरचे इंजिन वापरतात. २०० तासांत कमी-जास्त वेगाची २४,००० आवर्तने होतात आणि अखेरीस कॅमशाफ्टखालील टॅपेटमधून, म्हणजे झडप ढकलणाऱ्या भागातून, किती घनमिलिमीटर धातू गेला ते मोजतात. हवा आत घेणाऱ्या बाजूच्या टॅपेटसाठी सरासरी मर्यादा २.७ घनमिलिमीटर आहे. टायमिंग चेनची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि एसपी वर्गात तेथे २१६ तासांनंतर चेनची लांबी ०.०८५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेली चालत नाही.

मला सर्वांत रंजक वाटते ती सिक्वेन्स नाइन. टर्बो आणि थेट इंधन फवारणी असलेल्या लहान इंजिनांमध्ये, कमी वेग आणि जास्त भार असताना, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते आणि एखाद्या धक्क्यात पिस्टन फुटू शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा, म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनाचा, या घटनेशी संबंध आढळला आणि अनेक तेलांची कृती बदलून त्यात मॅग्नेशियमचा वाटा वाढवावा लागला. मे २०२० मध्ये आलेल्या एसपी वर्गात ही चाचणी नव्या तेलावर होत असे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जीएफ-७ या पेट्रोल इंजिन तेलांच्या मानकात मुद्दाम जुने केलेले तेलही तपासावे लागते. मित्राच्या चित्रफितीत जे नव्हते ते हेच.

या निकालांवर मी विश्वास ठेवतो त्याचे कारण आकडे नसून पद्धत आहे. इंजिन बसवून चाचणी घेण्याचा प्रत्येक मंच ठरावीक अंतराने सांकेतिक क्रमांकाच्या संदर्भ तेलावर तपासून पाहतात. ते तेल चांगले की वाईट हे प्रयोगशाळेला सांगितलेले नसते, आणि निकाल अपेक्षित पट्ट्यात आला नाही तर तो मंच परीक्षेसाठी ग्राह्य धरत नाहीत. अमेरिकन केमिस्ट्री कौन्सिलच्या आचारसंहितेनुसार चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंदणी करावी लागते, त्यामुळे नापास झालेला प्रयत्न गुपचूप टाकून देऊन पुन्हा नशीब आजमावणे अवघड होते.

गेली काही वर्षे मी प्रत्येक बदलाच्या वेळी वापरलेल्या तेलाचा लहानसा नमुना तपासायला पाठवतो. अहवालात लोह, तांबे, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचे प्रमाण दशलक्ष भागांत येते. एकदा सिलिकॉन अचानक वाढलेला दिसला आणि तेलालाच दोष द्यावा असे मला वाटले; पण लोहही त्याच्याबरोबर चढले होते, म्हणजे धूळ आत शिरत होती. एअर फिल्टरच्या खोक्याची एक क्लिप नीट बसलेली नव्हती. क्लिप बसवल्यावर पुढच्या अहवालात दोन्ही आकडे खाली आले. तेल तेच होते.