तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चित्रात काय आहे?

आमच्या ॲडलेडच्या घरी पहिल्यांदा जेवायला आलेलं माणूस बैठकीतल्या चित्रासमोर थांबतं आणि विचारतं, "यात काय काढलंय?" मी म्हणते, "पाणी." ते पुढचं ऐकायला थांबतं, मी वरण गरम करायला आत जाते. याला शिष्टपणा म्हणतात असं कानावर आलं, म्हणून लिहिते.

चित्र एका वार्लपिरी, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी समाजातल्या, बाईंचं, ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला युएंडुमूच्या कलाकेंद्रातून घेतलेलं. एकात एक वर्तुळं, नागमोडी रेघा, बाकी ठिपकेच ठिपके. सोबतच्या कागदावर चार ओळी: न्गापा जुकुर्पा, पाण्याचं जुकुर्पा, अमुक नातेगटांचं. जुकुर्पाला इंग्रजीत ड्रीमिंग म्हणतात, पण झोपेतल्या स्वप्नाशी त्याचा संबंध नाही. जमीन घडवणारे पूर्वज, त्यांच्या वाटा, पाळायचे नियम, सगळं त्यात आलं.

चार ओळींवर पाहुण्यांचं भागेना. खरं तर माझंच. मग मी त्यात नाग घातला, विमानतळावरच्या पोस्टकार्डावरून उचललेला. तो पाण्याखाली झोपतो, कूस बदलली की पाऊस. "अय्या, आपली नागपंचमीच की!" पाच-सहा वर्षं नाग लांबत गेला.

मुलगी सहावीत असताना चित्राचा फोटो शाळेत घेऊन गेली. वर्गात एक आदिवासी आजोबा पाहुणे आले होते. तिने नागासकट सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही गोष्ट तुला कोणी दिली?" सांगितली नव्हे, दिली. ती म्हणाली, आईने. ते "बरं" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. घरी आल्यावर पाठीवरचं दप्तर न उतरवता ती ओट्याजवळ उभी राहिली. "आई, तुला कोणी दिली?" मी पोळी लाटतच म्हणाले, "कागदावर आहे की." तिने कपाटातून कागद काढला. वाचला. परत वाचला. "यात नाग नाहीये." तव्यावरची पोळी करपली.

एवढं काय त्यात, आपले कीर्तनकारही कथा फुलवतातच, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण वार्लपिरींत गोष्ट कोणाची हे ठरलेलं असतं. वडिलांकडून हक्क आलेले किर्दा, आईकडून आलेले कुर्दुन्गुर्लु. किर्दांचं नीट चाललंय ना, यावर कुर्दुन्गुर्लुंची नजर. १९९७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या आदिवासी लोकांनी जमिनीच्या दाव्यासाठी साधारण आठ बाय दहा मीटरचं चित्र रंगवलं आणि त्यावर आपापल्या जागी उभं राहून साक्ष दिली. २००७ साली हक्क मान्य झाला. मी याला 'त्यांचा सातबारा' म्हणायचे, लोक माना डोलवायचे. तेही फसवंच. सातबारा कोणालाही काढता येतो, आणि जमीन विकली की नाव बदलतं.

पापुन्या या मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्तीत १९७१-७२च्या सुरुवातीच्या काही रंगवलेल्या फळ्यांवर बाहेरच्यांनी पाहू नये असं उघडं पडलं, त्यावरून नाराजी झाली, आणि पुढे ठिपके झाकायलाही कामी आले. माझ्या भिंतीवरचे किती सांगायला आणि किती झाकायला आहेत, मला ठाऊक नाही.

"झाकायचंय तर विकतात कशाला?" नवरा विचारतो. दाखवण्यापुरतं त्यांनी ठरवून दिलंय, असं मी म्हणते, आणि तेही मला कोणी दिलं, हे तो विचारत नाही.

पुण्याच्या एका मावशींनी तो नाग त्यांच्या भिशीत सांगितला म्हणे, सगळ्यांना फार आवडला. त्यांना अजून फोन केलेला नाही.