फुल-रेंज आहे ना, मग खाली वूफर कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, कारण नागपुरात स्पीकरची ही जोडी ज्याने पाहिली त्याने हेच विचारलं. साडेतीन इंची फुल-रेंज स्पीकर एकटाच सगळं वाजवतो म्हणता, मग खाली आठ इंची वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर, कशाला? पाठोपाठ दुसरा प्रश्न: बास वाढवायचा होता का? बास वाढवायचा नव्हता. लहान कोनावरचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यावरचं) ओझं उतरवायचं होतं.

काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) गायकाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर येतो, तानपुऱ्याचा खर्ज 69 वर, तबल्याचा दायां 277 वर. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरलं की बंद पेटीतल्या कोनाला चौपट हलावं लागतं. दायांपासून खर्जापर्यंत दोन सप्तकं, म्हणजे सोळापट. साडेतीन इंची कोनाची मोकळी चाल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तो खर्जासाठी आत-बाहेर होत असताना सारंगी त्याच कोनावरून येत असते, आणि तीही गढूळ होते. 300 हर्ट्झच्या खालचं काम वूफरला दिलं की सारंगी मोकळी होते. एवढ्यासाठीच वूफर.

आता क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे फुल-रेंजला वाटून देणारी जोडणी. पूर्वी मीच छातीठोकपणे सांगायचो: 8 ओम, 300 हर्ट्झ, सूत्रात घाला, फुल-रेंजला 68 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कंडेन्सर, वूफरला 4.2 मिलीहेन्रीची कॉइल, झालं. ज्यांनी माझं ऐकून पेट्या बांधल्या त्यांचं नुकसान झालं, म्हणून हे सविस्तर सांगणं भाग आहे. पहिल्या जोडीत पुरुषाचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येत होता. पेटीत जास्त कापूस भरला, पुढची पाटी जाड केली, वायर बदलली; फरक शून्य. शेवटी इंपीडन्स (स्पीकरचा वारंवारतेनुसार बदलणारा विरोध) मोजला तेव्हा उलगडा झाला. चार लिटरच्या बंद पेटीत फुल-रेंजचा रेझोनन्स (कोन आपसूक झुलतो ती वारंवारता) 140 हर्ट्झच्या आसपास होता, आणि तिथे तो 8 नव्हे, 40 ओमचा झाला होता. 68 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 140 हर्ट्झला साधारण 17 ओम अडवतो. पुढे 8 ओम असते तर पातळी 7 डेसिबलने उतरली असती. 40 ओमपुढे ती एक डेसिबलही उतरत नाही. म्हणजे जिथे कोन सर्वांत जास्त हलतो, नेमका तिथेच तो कंडेन्सर असून नसल्यासारखा. वूफर तीच पट्टी वाजवतोय, फुल-रेंजही वाजवतोय, आणि दोघांच्या मध्ये फेजचा घोळ, म्हणजे दोघांच्या लाटा मागेपुढे. मडकं तिथून आलं.

वूफरची बाजूही धड नव्हती. वूफरच्या व्हॉइस कॉइलचा (कोन हलवणाऱ्या वेटोळ्याचा) स्वतःचा इंडक्टन्स एक मिलीहेन्री असेल, तर बाहेरची 4.2 ची कॉइल वरच्या पट्टीत साधारण 14 डेसिबलपुढे कापूच शकत नाही. त्यासाठी वूफरला समांतर 8 ओमचा रेझिस्टर आणि 15 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांची जोडी लावावी लागते. शिवाय पातळ तारेच्या कॉइलचा एक-सव्वा ओम वूफरच्या सहा ओममध्ये मिळतो आणि घट्ट बांधलेला बास सैल होतो. प्रत्येक दोषावर उतारा आहे, नाही असं नाही. पण रेझोनन्स दाबायला आणखी एक कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टर घातला की त्या खर्चात दुसरा अँप येतो.

म्हणून आता सांगतो: दोन अँप लावा. फुल-रेंजच्या अँपचा इनपुट इंपीडन्स 30 किलोओम असेल तर इनपुटला सिरीजमध्ये 18 नॅनोफॅरडचा फिल्म कंडेन्सर लावला की 295 हर्ट्झ मिळतात, तेही स्पीकरच्या इंपीडन्सशी काही संबंध न येता. हा उतार सौम्य, दर सप्तकाला सहाच डेसिबल. डीएसपी बोर्ड (ही वाटणी डिजिटल पद्धतीने करणारा) परवडत असेल तर दोन्हीकडे दर सप्तकाला चोवीस डेसिबलचा लिंकविट्झ-रायली फिल्टर ठेवा. मग वूफरच्या वायरी उलट्या जोडून मोजा. 300 ला खोल खड्डा पडला तर मेळ बसला. पडला नाही तर डिले (एका स्पीकरचा आवाज किती उशिरा सोडायचा ते) बदलत राहा. वायरी परत सुलट करायला विसरू नका.

पेटी: 23 सेंटिमीटर रुंद पाटीवर बॅफल स्टेप 500 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे त्याखालचा आवाज पेटीच्या मागेही पसरून समोर कमी पडतो, म्हणून वूफरची पातळी थोडी वर ठेवावी लागते. भिंतीजवळ पेटी असेल तर 3 डेसिबल पुरतात, पूर्ण 6 दिले तर आवाज जड होतो. दोन्ही स्पीकरच्या मध्यांमधलं अंतर 28 सेंटिमीटरच्या आत ठेवा. 300 हर्ट्झची पाव तरंगलांबी तेवढीच आहे. फुल-रेंजचा कप्पा वेगळा आणि हवाबंद हवा, नाहीतर वूफरची हवा त्याचा कोन ढकलते. 18 मिलिमीटर प्लायमधलं लहान भोक बोगद्यासारखं वागतं, म्हणून मागून 45 अंशात कड तासून घ्या.

एमडीएफ स्वस्त पडतो, मान्य. पण आपल्याकडे मे महिन्यात दिवसभर कूलर चालतो आणि त्याच्या ओल्या हवेत एमडीएफची कापलेली कड फुगते. लकडगंजातून (नागपूरच्या लाकूडबाजारातून) आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणा, कडांना सीलर लावा. फोमचा सराउंड (कोनाभोवतीची लवचीक कड) घेऊ नका, रबराचा घ्या. कूलरसमोर कागदी कोन ठेवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी.

एकाच स्पीकरवर भागवा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. माझा 300 चा सांधा (क्रॉसओव्हरची जागा) काळी एकच्या दायांच्या अगदी जवळ आहे. डग्गा पूर्ण वूफरकडे जातो, ते ठीक. पण दायांचा मूळ स्वर दोघांत वाटला जातो. सांधा 200 वर नेला तर दायां फुल-रेंजकडे राहतो, पण 200 ला कोनाची हालचाल 300 च्या सव्वादोनपट होते. 400 वर नेला तर कोन सुटतो, पण दायां वूफरकडे जातो आणि अंतराची मर्यादा 21 सेंटिमीटरवर येते. तबला ऐकताना मी 200 लावतो, रात्री हळू आवाजात ते चालतं. आवाज वाढवला की पुन्हा 300.