कंपनी तीच, कागद तोच, मग चव का बदलते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दुबईहून, लंडनहून, अमेरिकेहून पाहुणे जी चॉकलेटं आणतात, ती इथल्या त्याच नावाच्या चॉकलेटपेक्षा वेगळी का लागतात? बहुतेकांचा अंदाज असतो की तिकडं कोको जास्त घालतात. ते थोडंफार खरं आहे. पण मिल्क चॉकलेटची चव मुख्यतः दुधावर काय संस्कार झालेत त्यावर ठरते, आणि कोल्हापूरकराला हे पेढ्यावरून चटकन कळेल.

साताऱ्याचा कंदी पेढा आणि साधा पांढरा पेढा एका ताटलीत ठेवा. दोन्हींत खवा आणि साखरच. कंदीचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो. दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर तापून एकमेकांत मिळतात, त्यातून तो रंग आणि खमंग वास येतो. ब्रिटिश पद्धतीत नेमकं हेच घडतं. दूध आणि साखर आधी आटवतात, त्यात कोकोच्या दळलेल्या बियांचा लगदा घालतात आणि सगळं सुकवून त्याचा भुगा करतात. त्याला क्रम्ब म्हणतात. त्या चॉकलेटमधली आटीव, किंचित करपट गोडी इथून येते.

स्वित्झर्लंडची वाट वेगळी. तिथं डॅनियल पीटरने 1875 च्या सुमारास मिल्क चॉकलेट जमवलं. त्याची खरी लढाई दुधातल्या पाण्याशी होती, कारण पाणी राहिलं तर चॉकलेट बिघडतं. आज तिथं मुख्यतः दुधाची भुकटी वापरतात. ती फारशी भाजली जात नाही, म्हणून स्विस चॉकलेट ताज्या सायीच्या वळणावर जातं. शिवाय 1879 मध्ये रोडॉल्फ लिंटने चॉकलेट तासन् तास घोटणारं यंत्र काढलं. घोटताना आंबट वास उडून जातो, साखरेचा प्रत्येक कण कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या तुपात, माखतो आणि जिभेवरचा खरखरीतपणा संपतो. घोटण्याला पर्याय नाही, हे श्रीखंड करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या काही चॉकलेटांना हलकी आंबूस झाक असते. दुधातल्या स्निग्धांशाचं थोडं विघटन झालं की ब्युटिरिक आम्ल तयार होतं, तीच ही चव. मुरलेल्या चीजमध्येही ते असतं. पहिल्या घासाला आपल्याला वाटतं की चॉकलेट उतरलंय, पण तिथल्या माणसाच्या जिभेला लहानपणापासून हीच चव ठाऊक असते. म्हणून टाकून देऊ नका. मेक्सिकोतल्या ओआहाकाचं चॉकलेट मात्र नुसतं खाऊन नावं ठेवू नये. त्यात साखर आणि दालचिनी जाडसर दळलेली असते आणि ते गरम दुधात किंवा पाण्यात घुसळून प्यायचं असतं.

आता कायदा. युरोपात मिल्क चॉकलेटमध्ये किमान 25 टक्के कोकोचे घन घटक लागतात. ब्रिटन-आयर्लंडच्या जास्त दुधाच्या प्रकाराला 20 टक्के चालतात. अमेरिकेत हिशोब कोकोच्या लगद्यावर होतो आणि 10 टक्के पुरतो. मात्र तिथं कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल घातलं, तर त्याला नुसतं ‘मिल्क चॉकलेट’ म्हणता येत नाही. युरोपने 2000 सालच्या नियमात 5 टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक वनस्पती स्निग्धांशांना परवानगी दिली. त्या यादीत आपलं कोकम आहे! गगनबावड्याचा घाट उतरला की कोकणात ज्याच्या बियांच्या तुपाचं मुठेल करतात आणि थंडीत टाचांना लावतात, तेच. आंब्याची कोय आणि साल वृक्षाचं बीही त्यात आहेत. कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, कोकमाचं 38 ते 40 ला. म्हणून ते थोडं घातलं की चॉकलेट उन्हात जरा तग धरतं.

इथं विकत घेताना मागचा कागद वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. 442 आणि 476 हे आकडे दिसले तर घाबरू नका, ते चॉकलेट पातळ ठेवणारे घटक आहेत. त्यातला 476 एरंडेलापासून करतात. पण ‘हायड्रोजनेटेड वनस्पती स्निग्धांश’ किंवा ‘कंपाउंड’ हे शब्द असतील, तर त्यात कोको बटरऐवजी दुसरंच तूप आहे. केकवर ओतायला ते सोयीचं. खायला मात्र मेणचट लागतं आणि टाळूला चिकटून राहतं. त्यासाठी चांगल्या चॉकलेटचे पैसे मोजू नका.

आणलेल्या चॉकलेटचा खरा घात इथं आल्यावर होतो. एप्रिल-मेमध्ये पारा 37 च्या पुढं गेला की कोको बटर वितळतं, रात्री पुन्हा गोठतं आणि वर पांढरट थर येतो. बोट फिरवल्यावर थर तेलकट वाटून विरघळला, तर तो स्निग्धांशाचा. कणीदार लागला, तर साखरेचा. म्हणजे चॉकलेटला दमट हवा लागली. दोन्ही बुरशी नाहीत. फ्रीजमध्ये ठेवायचंच असेल तर कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर डबा दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थेट चॉकलेटवर बसतं. आपल्या पावसाळ्यात ही चूक हमखास होते.

पांढरं पडलेलं मिल्क चॉकलेट पुन्हा घडवता येतं, पण त्यासाठी थोडं चांगल्या अवस्थेतलं चॉकलेट हाताशी हवं. पांढरं पडलेलं बारीक चिरून, खालच्या पातेल्यापेक्षा रुंद भांड्यात वाफेवर 45 अंशांपर्यंत वितळवा. भांडं लहान असेल तर वाफ आत शिरते, आणि चमचाभर पाण्यानेही साखर एकमेकांना चिकटून गोळा होतो. मग आच काढा, त्याच्या निम्मं चांगलं चॉकलेट चिरून घाला आणि 30 अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. डार्कला 31-32 अंश. सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. गार खोलीत पाचेक मिनिटांत ते चकचकीत घट्ट झालं, तर साच्यात ओता.

आपला गूळ घालून वडी करायची असेल, तर हेच पाणी आडवं येतं. गूळ वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो. किसून, मंद आचेवर सुकवून, गार झाल्यावर दळून चाळला, तरीही थोडा धोका राहतो. त्यापेक्षा गरम सायीत गूळ विरघळवून गाळून घ्या, चॉकलेटवर ओतून ढवळा आणि त्या मऊ मिश्रणाचं सारण चॉकलेटच्या आत भरा. तिथं ओल चालते.