टाकाऊ अंजिरं आणि एस.वाय.चं प्रॅक्टिकल

मीठा बहार, म्हणजे अंजिराचा एक हंगाम, सुरू झाला की मार्केट यार्डात माझी फेरी ठरलेली. पुरंदरची चांगली अंजिरं विकत घ्यायची आणि गाळ्यावरच्या काकांकडून सडकी मागून घ्यायची. "मॅडम, याचं करता काय?" हे त्यांनी आता विचारणं सोडलंय.

एस.वाय.च्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, मुलांना प्रॅक्टिकलसाठी आयतं कल्चर, म्हणजे आधीच वाढवलेली बुरशी, द्यायला मला आवडत नाही. अंजीर फोडलं की आत काजळीसारखी काळी पूड दिसते. ती बहुतेकदा अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी. फोडताना मास्क लावायचाच, ते बीजाणू छातीत जायला नकोत.

बुरशीला ना तोंड, ना पोट. ती एन्झाइम अंगाबाहेर सोडते, फळ बाहेरच पचवते आणि विरघळलेलं शोषून घेते. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन तुटलं की फळ लिबलिबीत होतं. काकांचा माल पेक्टिन तोडणाऱ्या ज्या एन्झाइमने, म्हणजे पेक्टिनेजने, जातो, तेच ज्यूसवाले पैसे मोजून घेतात, कारण त्याने लगद्यातून रस जास्त सुटतो आणि सफरचंदाचा रस गढूळ राहत नाही. शिवाय एन्झाइम आपणहून बाहेर येतं, त्यामुळे ते मिळवायला पेशी फोडत बसावं लागत नाही. सगळा धंदा यावर उभा आहे आणि परीक्षेच्या पेपरात नेमकं हेच कुणी लिहीत नाही!

प्लेटमध्ये पेक्टिन घालून बुरशी वाढवायची, मग आयोडीन ओतायचं. जिथलं पेक्टिन खाल्लं गेलं तिथे फिकट वलय उठतं. मुलं पट्टी लावून कुणाचं वलय मोठं यावर भांडतात. भांडू देत. पण मोठं वलय म्हणजे कारखान्याची बुरशी नव्हे. नायजरचे काही वाण ऑक्राटॉक्सिन हे विषही बनवतात, ते आधी तपासावं लागतं.

सायट्रिक अ‍ॅसिडही याच बुरशीचं. जेम्स करी यांनी १९१७ मध्ये ती साखरेपासून ते भरपूर बनवते हे दाखवलं, १९१९ मध्ये फायझरने उत्पादन सुरू केलं. सरबताच्या पावडरीतला आंबटपणा लिंबाचा नसतो, हे ऐकून वर्ग दरवर्षी हिरमुसतो.

एखादा वाण खरंच चांगला निघाला तर स्लँटवर, म्हणजे नळीत तिरक्या थिजवलेल्या खाद्यावर, जपून ठेवते. ओळख पक्की करायला पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहेच, बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. उरलेली अंजिरं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, जातात.

आणि हो, "डाग कापून बाकीचं खाल्लं तर?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मऊ फळाचं नाही खायचं. बुरशीचे तंतू डागाच्या बरेच पुढे गेलेले असतात.