इन्साइड आउट २ : आवाजांच्या वहीतली पुढची नोंद

चित्रपटाच्या जुन्या-नव्या भागांतले पात्रांचे आवाज ताडून पाहण्याच्या या वहीत या खेपेला पिक्सार स्टुडिओचा ॲनिमेशनपट ‘इन्साइड आउट २’ घेतला. रायली नावाच्या मुलीच्या डोक्यातल्या भावना हीच यातली पात्रं. पद्धत नेहमीचीच. २०१५चा पहिला भाग आणि २०२४चा दुसरा, दोन्हींतले एकाच पात्राचे प्रसंग निवडायचे आणि स्क्रीन बंद करून हेडफोनवर पाठोपाठ ऐकायचे. चित्र समोर असलं की ओळखीच्या चेहऱ्यातून येणारा कुठलाही आवाज ओळखीचाच वाटतो, म्हणून चित्र नकोच.

जॉय (आनंद), सॅडनेस (दुःख) आणि अँगर (राग) जुन्याच गळ्यांत आहेत: एमी पोहलर, फिलिस स्मिथ, लुईस ब्लॅक. या तिघांचं काम लवकर उरकलं. पोहलरच्या एका प्रसंगापाशी मात्र बराच थांबलो. मोठं होताना आनंद कमी होत जातो की काय, असं जॉय बोलून जाते तो प्रसंग. तिची नेहमीची चढी पट्टी तिथे पार खाली येते आणि वाक्यांच्या मधली जागा वाढते. पहिल्या भागात तिचा हा सूर इतका उघडा पडलेला मला सापडला नाही.

बदललेले दोन. फिअर (भीती) बिल हेडरकडून टोनी हेलकडे आला आणि डिस्गस्ट (किळस) मिंडी केलिंगकडून लायझा लपिराकडे गेली. हेलनं हेडरची नक्कल केलेली नाही, पण वाक्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्या भीतीवर उडी मारायची लकब नेमकी धरली आहे. ‘टॉय स्टोरी ४’मधला फोर्की त्याचाच, त्यामुळे घाबरट पात्राची तालीम त्याला होतीच. लपिराचा आवाज जरा जास्त मऊ वाटतो. केलिंगच्या डिस्गस्टमध्ये जी धार होती ती मला अजूनही हवीहवीशी वाटते.

रायलीची नोंद सगळ्यांत लांबली. दोन चित्रपटांत नऊ वर्षांचं अंतर, पण कथेत रायली अकराची तेरा होते. पहिल्या भागातल्या केटलिन डायसचा आवाज तोवर मोठ्या बाईचा झालेला असणार, म्हणून केन्सिंग्टन टॉलमन आली. कथेतलं घड्याळ आणि गळ्याचं घड्याळ जुळत नाही तिथे मुलांचे आवाज बदलावेच लागतात, हे आता या वहीतलं पक्कं सूत्र झालंय. ‘फाइंडिंग निमो’मधल्या छोट्या माशाचं, निमोचंही तेच. त्याचा पुढचा भाग ‘फाइंडिंग डोरी’ १३ वर्षांनी, २०१६ला आला, पण कथेत एकच वर्ष सरलेलं. म्हणून अलेक्झांडर गूल्डच्या जागी हेडन रोलेन्स. गूल्डला त्यात ट्रकचालकाची छोटी भूमिका दिली, ही गोष्ट मला फार आवडते. याउलट ‘टॉय स्टोरी ३’मध्ये खेळण्यांचा मालक अँडी खरोखरच कॉलेजला निघालेला, त्यामुळे १९९५च्या पहिल्या भागात लहानपणी त्याला आवाज देणारा जॉन मॉरिसच मोठा होऊन परत आला. दोन्ही घड्याळं जुळली की ऐकताना अंगावर काटा येतो.

आता दुसऱ्या भागात आलेल्या नव्या भावना, आणि त्यांत अर्थातच माया हॉकची अँग्झायटी (चिंता). सामानसुमानासकट ती हजर होते तेव्हा तिचं बोलणं नम्र आहे, लाघवी आहे, फक्त वेग किंचित जास्त. हीच तर खुबी. ती खलनायिकेसारखी कधीच बोलत नाही. सतत मदतच करत असते. पुढे वेग वाढत जातो, वाक्यं एकमेकांवर चढतात, श्वास घ्यायला जागा राहत नाही. रायली हॉकीच्या पेनल्टी बॉक्समध्ये घाबरीघुबरी होते तिथे मात्र अँग्झायटी कन्सोलपाशी, म्हणजे रायलीच्या डोक्यातल्या नियंत्रणफलकापाशी, गोठून उभी असते आणि इतका वेळ धावणारा आवाज थांबतो. नंतर, आपण फक्त रायलीला जपत होतो, असं ती म्हणते तेव्हा आवाज अगदी बारीक झालेला असतो. स्क्रीन बंद ठेवून हा पट्टा सलग ऐकाच.

पॉल वॉल्टर हाउझरच्या एम्बॅरसमेंटला (ओशाळलेपण) शब्द जेमतेम. हुंकार, अडकलेला श्वास, हुडीत तोंड लपवताना निघणारा आवाज, बस. पण सॅडनेसला तो गुपचूप सांभाळून घेतो तेव्हा त्या हुंकारांतून जिव्हाळा कळतो. इतक्या कमी शब्दांसाठी कसलेला नट का घ्यावा, याचं उत्तर तिथेच मिळतं.

सोफ्यावर लोळणाऱ्या, कंटाळलेल्या ऑन्वीला फ्रेंच अभिनेत्री अदेल एक्झार्कोपुलोसचा आवाज आहे. फ्रेंच आवृत्तीतही तीच. आयो एडिबिरीची एनव्ही (मत्सर) गोड, पण तिला लिहून फारसं दिलेलं नाही. नॉस्टॅल्जिया झालेल्या जून स्क्विबचा जन्म १९२९चा. ती डोकावते आणि ‘अजून तुझी वेळ नाही’ म्हणून परत पाठवली जाते; तेवढ्यातही खऱ्या आजीचा सूर ऐकू येतो.

डीप डार्क सीक्रेट, म्हणजे रायलीचं दडवलेलं गुपित असलेलं पात्र, याचा आवाज स्टीव्ह पर्सेलचा, म्हणजे पिक्सारच्याच घरातला माणूस. ॲनिमेशनमध्ये आधी कामचलाऊ आवाज बहुधा स्टुडिओतलेच लोक देतात आणि कधीकधी तेच कायम राहतात. पहिल्या भागात बाबांच्या डोक्यातल्या रागाला खुद्द दिग्दर्शक पीट डॉक्टरचा आवाज होता. या घरच्या आवाजांसाठी वहीत वेगळं पान सुरू केलंय.

पुढचा नंबर ‘इन्क्रेडिबल्स २’चा. चौदा वर्षांनी आलेला हा भाग, पण कथा पहिल्याच्या शेवटापासूनच सुरू होते. डॅश स्पेन्सर फॉक्सकडून हक मिलनरकडे गेला आणि व्हायोलेट मात्र सेरा व्हॉवेलचीच राहिली. भावाबहिणीच्या भांडणांचे प्रसंग आधी काढून ठेवतोय. एक आवाज जुना आणि एक नवा असताना ती जोडी जमते का, हे तिथेच कळेल.