नॉर्मंडीच्या शेतांत हरवलेल्या धावपट्ट्या

फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावरून डी-५१४ रस्त्याने पॉइंत-द्यु-ओककडे जाताना साँ-पिएर-द्यु-माँ हे छोटं गाव लागतं. १९४४ च्या जूनमध्ये इथे ए-१ ही अमेरिकन धावपट्टी होती. थंडरबोल्ट विमानं इथून उडायची. आता एक स्मारकशिला आणि पिकं. तरीही इथे थांबाच.

६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य जर्मनांच्या ताब्यातल्या या किनाऱ्यावर उतरलं. सुरुवातीला त्यांच्या विमानांना इंग्लंडहून खाडी ओलांडून यावं लागे, त्यातच बरंच इंधन संपायचं. म्हणून सैनिकांमागोमाग इंजिनिअर तुकड्या उतरल्या. साँ-लोराँची पट्टी ८ जूनलाच सुरू झाली आणि जखमींना तिथून हलवता आलं. १० जूनला साँत-क्र्वा-स्यूर-मेरच्या बी-३ या पट्टीवर कॅनडाची स्पिटफायर लढाऊ विमानं उतरली. झाडांचे बांध काढायचे, जमीन सपाट करायची, वर तारेची चौकोनी जाळी ताणून बसवायची, एवढंच बांधकाम. धूळ मात्र भयंकर. टायफून विमानांच्या इंजिनांना तिच्यासाठी खास फिल्टर लावावे लागले. आघाडी पुढे सरकताच पट्ट्या सोडून दिल्या आणि जमिनी पुन्हा नांगराखाली गेल्या.

नुसतं जाऊन उभं राहिलात तर काहीच कळणार नाही. फ्रान्सच्या नकाशा संस्थेच्या, म्हणजे आयजीएनच्या, ‘रमोंते ल ताँ’ या संकेतस्थळावर जुनी हवाई छायाचित्रं आजच्या नकाशाशेजारी मोफत पाहता येतात. ती आधी फोनमध्ये उतरवून घ्या. मग शेताचा उतार, पट्टीची दिशा, तुटलेला बांध, सगळं जागेवर ताडून पाहता येतं. मला हा भाग संग्रहालयांपेक्षा जास्त भिडला. कुंपणांकडेही लक्ष ठेवा: गोल भोकांचे गंजलेले पोलादी पत्रे दिसले तर ते बहुधा युद्धकाळातल्या विमानतळांचेच असतात.

मुक्कामाला बायो (Bayeux) हे जवळचं शहर सोयीचं. पॅरिसच्या साँ-लाझारहून रेल्वे आहे. पुढे मात्र गाडी भाड्याने घ्या, बसच्या भरवशावर या गावांत फिरणं जमत नाही. सहा जूनच्या आसपास गर्दी खूप असते. गव्हाची कापणी झाल्यावर, ऑगस्टअखेरीस, जमीन मोकळी दिसते. शेतं खासगी आहेत, विचारल्याशिवाय आत जाऊ नका आणि फाटकासमोर गाडी लावू नका. मेटल डिटेक्टर नेऊ नका: पुरातन वस्तू शोधण्यासाठी तो वापरायला फ्रान्समध्ये सरकारी परवानगी लागते. नांगरटीत गंजकं लोखंड वर आलेलं दिसलं तर हात लावू नका, तो न फुटलेला गोळा असू शकतो. लांब होऊन १७ वर पोलिसांना कळवा.