हा केअर प्लॅन कोणत्या बाळाचा?

नर्सिंगच्या विद्यार्थिनींच्या केअर प्लॅनमध्ये, म्हणजे शुश्रूषेच्या लेखी आराखड्यात, एक ओळ हमखास असते: 'बाळाचे निरीक्षण करणे.' तिच्यापुढे मी लाल पेनाने लिहिते: काय बघायचं? किती वेळाने? कितीवर डॉक्टरांना बोलवायचं? उत्तर बहुतेकदा येत नाही. कारण ती ओळ पुस्तकातल्या बाळासाठी असते आणि ते बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) कधीच भरती होत नाही.

समजा, तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, 1200 ग्रॅमचं, सीपॅपवरचं (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावरचं) बाळ आहे. पहिला प्रश्न श्वासाचा, हे कोणीही लिहील. पण 'ऑक्सिजन चांगला राहील' हे काही उद्दिष्ट झालं नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 90 ते 95 टक्के राहील, हे उद्दिष्ट. आणि वरचा आकडा लिहायचाच. मॉनिटरवर 99 दिसलं की आपल्याला हायसं वाटतं, पण ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सतत 99 राहिलं तर डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो. वरचा अलार्म बंद करून ठेवणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस. हा मुद्दा मुली पार शेवटी ढकलतात. अहो, या बाळाला कुडकुडता येत नाही! ऊब धरायला ते साखर आणि ऑक्सिजन जाळतं. गार पडलं की साखर उतरते, श्वासही बिघडतो. मग पहिल्या मुद्द्यावर कितीही कष्ट घ्या.

लघवीचं 'इनटेक-आउटपुट नोंदवणे' एवढंच लिहू नका. तासाला किलोमागे 1 मिलीच्या खाली गेलं की कळवायचं. या बाळासाठी ते तीन तासांना साधारण साडेतीन मिली. हा हिशोब प्लॅनमध्येच करून ठेवला की रात्री तीन वाजता कुणाला डोकं चालवावं लागत नाही. ओल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजा करायचं, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. (वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या हीटरखाली, डायपर सुकतो, म्हणून बदलल्याबरोबर वजन करा.)

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: काय करायचं नाही. या बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम 100 मिली रक्त. तपासणीला 1 मिली काढलं की शंभरावा भाग गेला. म्हणून नमुने एकाच वेळी काढायचे, हे लिहा. तोंडाची स्वच्छता, डायपर, कूस बदलणं, प्रोबची (अंगाला लावलेल्या सेन्सरची) जागा बदलणं एकत्र उरकायचं आणि मग बाळाला झोपू द्यायचं. मधल्या वेळेत हात लावायचा नाही, इन्क्युबेटरवर फाइल आपटायची नाही. पण एकत्र उरकताना सॅच्युरेशन घसरू लागलं, बाळाने बोटं फाकवली, तर तिथेच थांबायचं, हेही लिहा. नाहीतर पुढच्या शिफ्टची सिस्टर यादी संपवूनच हात धुते.

'नातेवाइकांना मानसिक आधार देणे' या ओळीवर तर मी फुलीच मारते. आईला दूध काढायला कोण शिकवणार, बाळाच्या डोक्यावर हात नुसता स्थिर कसा ठेवायचा हे कोण दाखवणार, कांगारू केअरबद्दल (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याबद्दल) डॉक्टरांना कधी विचारायचं, ते लिहा.

आणि मूल्यमापनाच्या रकान्यात 'उद्दिष्ट साध्य' लिहून सही करू नका. आठ वाजता 36.2, टोपी घातली, इन्क्युबेटरचं तापमान वाढवलं, नऊला 36.6. मला एवढं पुरतं.